दुष्काळातला 'पिंजरा'

बारामती-इंदापूरकडच्या माझ्या वयाच्या माणसापुढं 'बहात्तर साल' म्हणा, तो आधी दुष्काळाचंच सांगंल. लाल मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, छावणीत बांधलेली जनावरं. ते सगळं सांगून झालं, चहा झाला, पानाला चुना लागला, की मग हळूच म्हणंल, "आन् त्याच साली 'पिंजरा' आला बघा."

दुष्काळ आणि 'पिंजरा' एका सालचे, हा निव्वळ योगायोग. व्ही. शांताराम काही आमचा दुष्काळ बघून सिनेमा काढायला बसले नव्हते. पण आमच्या डोक्यात या दोन्हींची निरगाठ बसली ती बसलीच. आजही कुठं लग्नात बँडवाल्यानं त्यातली उचकीची लावणी धरली की माझ्या नाकाला फोडलेल्या दगडाचा वास येतो.

आमचं गाव दोन तालुक्यांच्या शिवेजवळचं, नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या अंगाला. इंग्रजांनी काढलेला हा कालवा. वरच्या अंगाला माळेगाव, सांगवी, पणदऱ्याकडं ऊस डुलायचा आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर पाण्याचा जीव जायचा. त्यात बहात्तरला पाऊसच नाही. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. मी तेव्हा बारा वर्षांचा. शाळा सुटली की आईला पाणी घेऊन खडी सेंटरवर जायचो. बायका एका ओळीत बसून दगड फोडायच्या, गडी टोपल्या वाहायचे. जातपात तिथं बरीचशी गळून पडली होती, म्हणजे दिवसापुरती. पाटलाची सून आणि मांगवाड्यातली म्हातारी एकाच ढिगाला. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या वाटेनं घरी.

मुकादमाजवळ ट्रान्झिस्टर होता. दुपारच्या सुट्टीत तो दगडावर ठेवायचा आणि आकाशवाणीवर मराठी गाणी लागायची. 'पिंजरा'ची गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती तिथं. सिनेमा बघायला मिळायला अजून दोन वर्षं होती. आधी गाणी पाठ झाली आणि मग चित्र दिसलं, असं आमच्या सगळ्या पिढीचं झालं.

त्या सेंटरवर एक म्हातारे गृहस्थ कामाला होते. त्यांना सगळे ढोलकीवाले नाना म्हणायचे. एका कनाती तमाशात त्यांनी उमर घालवलेली. दुष्काळात जत्रा बंद, जत्रा नाही तर सुपारी नाही. फड मोडला आणि नाना बहिणीच्या आसऱ्यानं आमच्या गावी खडी फोडायला आले. ट्रान्झिस्टरवर 'पिंजरा'ची लावणी लागली की नाना घमेलं पालथं घालायचे आणि बोटांनी साथ धरायचे. ढोलकीवर फिरलेली बोटं ती. हातोडीनं सुजलेली होती, तरी तोड अशी द्यायचे की बायकांचे हात थांबायचे. मुकादम ओरडायचा, पण त्याचाही पाय हलत असायचा.

एकदा मी विचारलं, "नाना, ही गाणी तुमच्या तमाशातली का?"

"चाल आमच्यातलीच हाय की बाळा. ज्यानं बांधली त्यो आमच्यात बसल्याला दिसतोय."

नानांचा कान पक्का होता. 'पिंजरा'चं संगीत राम कदमांचं. मिरजेचा माणूस, लावणी आणि तमाशाचा बाज अंगात मुरलेला. त्यांनी शहरी वाद्यांचा डोंगर रचून लावणी झाकून टाकली नाही. ढोलकी पुढं ठेवली. तुणतुण्याची तार, झीलकऱ्यांचा ओढलेला सूर, बाईचा आवाज वर चढताना मागनं येणारा ढोलकीचा रेटा, हे फडावर जसं ऐकू यायचं तसंच सिनेमात आलं. गाणारी प्रामुख्यानं उषा मंगेशकर. त्यांच्या आवाजात एक खट झटका आहे, लावणीला तो पाहिजेच. आणि गीतं जगदीश खेबुडकरांची. कोल्हापूरकडचा हा कवी पेशानं शाळामास्तर. मास्तरला नादाला लावणाऱ्या सिनेमाची गाणी एका मास्तरनंच लिहिली, ही गंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली आणि मी एकटाच बांधावर बसून हसलो.

बाकीची माणसंही लहानसहान नव्हती. कथा अनंत मान्यांची, संवाद शंकर पाटलांचे. गुरुजींच्या कामाला डॉ. श्रीराम लागू, शिक्षणानं कान-नाक-घशाचे डॉक्टर, 'नटसम्राट' नाटकानं दोन वर्षांमागंच गाजलेले. नाचणारीण चंद्रकला म्हणजे संध्या. निळू फुलेही त्यात आहेत. मराठीतला त्या वर्षीचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हिंदीतही तो काढला. एवढी सगळी शिदोरी असताना सिनेमा म्हणून 'पिंजरा' मला कधी पुरता पटला नाही. तरी मी तो किती वेळा बघितलाय त्याची मोजदाद नाही.

ज्यांनी बघितला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक आदर्श गाव आणि त्या गावाला वळण लावणारे, ब्रह्मचारी, करारी गुरुजी. गावात तमाशा येतो. गुरुजी तो हुसकून लावतात. चंद्रकला चिडते आणि ठरवते की या मास्तरच्या हातात तुणतुणं देऊन त्याला बोर्डावर उभा करीन. गुरुजी तिच्या नादाला लागतात. मध्येच एक खून होतो, त्या प्रेताला गुरुजींचे कपडे चढवले जातात, गावाला वाटतं गुरुजीच गेले. गाव रडतं, त्यांचा पुतळा उभारतं. आणि जिते गुरुजी तुणतुणं धरून फडाबरोबर गावोगाव. शेवटी पोलीस त्यांनाच धरतात, गुरुजींचा खून केला म्हणून! गावापुढचा आदर्श मोडायला नको म्हणून ते तोंड उघडत नाहीत आणि फासावर जातात.

आता तुम्हीच बघा. स्वतःच्याच खुनासाठी माणूस फासावर जातो, हे वगात खपून जातं. वगात काय, राजा पोपट होतो आणि प्रधान गाढव. पण सिनेमा गंभीर तोंड करून सांगायला लागला की शेतकऱ्याच्या डोक्यात प्रश्न येतो. एवढ्या ओळखीच्या गुरुजींना कोर्टात, तुरुंगात एकही माणूस ओळखत नाही? आमच्याकडं मेलेली म्हैस कुणाची ते शिंगावरनं सांगतात.

गुरुजींची भाषणं लांब. गाव असं झाडून पुसून ठेवलेलं की कुठं शेणाचा पो दिसत नाही. संध्याबाईंचं नाचणं म्हणजे हातभर उड्या, माना वेळावणं, डोळे मोठे करणं. त्याचे चाहते पुष्कळ आहेत, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण फडावरची लावणी मी बघितलीय. बसून, नुसत्या भुवईवर आणि बोटावर अर्धा तास एक ओळ फिरवणारी बाई बघितलीय. ती ओळ प्रत्येक खेपेला नवं काही सांगते. सिनेमातली चंद्रकला तेवढा वेळ जागेवर बसत नाही.

हे सगळं मी सोडून देईन. खरी ठेच लागते ती पुढं. गाव चांगलं, गुरुजी चांगले, आणि बिघडवणारा कोण, तर तमाशा. एवढा मोठा दोष घालायचा, तोही तमाशाच्याच ढोलकीवर ताल धरून!

मुळात ही गोष्ट आमच्या मातीतली नव्हे. १९३० साली जर्मनीत 'द ब्लू एंजल' म्हणून एक बोलपट निघाला होता. हाइनरिश मान नावाच्या लेखकाच्या कादंबरीवरचा. त्यातही एक कडक प्राध्यापक गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो आणि शेवटी तिच्या खेळात विदूषक होऊन उभा राहतो. बाईचं काम केलेली मार्लिन डिट्रिच त्या सिनेमानं जगात गाजली, तिचं त्यातलं गाणंही. म्हणजे तिकडंही प्राध्यापकाच्या अब्रूपेक्षा गाणंच जास्त टिकलं. 'पिंजरा' त्या गोष्टीवर बेतलेला. जर्मनीतला गाण्याचा अड्डा काढून तिथं आपला तमाशा बसवला. धोतर फिट बसलं हे खरं, पण कापड परक्या ठाणाचं.

तरीही या भांडणाची जागा शोधायची तर जर्मनीला जायचं कारण नाही. बारामतीत, कऱ्हेच्या काठी, मोरोपंत राहत होते. पन्हाळ्याला जन्मलेले, बारामतीच्या नाइकांच्या आश्रयानं इथं आले आणि १७९४ साली इथंच गेले. आर्या लिहिणारे मोठे पंडित कवी. त्यांच्याच काळात सोलापूरचा राम जोशी. ब्राह्मणाचा पोर, पण डफ घेऊन फडावर लावण्या म्हणायचा, स्वतः रचायचा. आख्यायिका अशी सांगतात की मोरोपंतांनी त्याची समजूत घातली, राम जोशानं डफ फोडला, तमाशा सोडला आणि मोरोपंतांच्याच आर्या घेऊन कीर्तन करू लागला. आर्या लोकांच्या तोंडी बसवण्यात त्याच्या कीर्तनाचा मोठा वाटा होता असं म्हणतात. माझ्या मनात एक येतं. आर्या पंतांच्या, मान्य. पण त्या गर्दीच्या गळी उतरवायची हातोटी राम जोशी कुठं शिकला? फडावरच की! डफ फुटला तरी हात तोच राहिला.

योग बघा, शांतारामबापूंच्या राजकमलनं १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' काढला होता. हंसा वाडकर आणि जयराम शिलेदार. पंचवीस वर्षांनी तीच संस्था 'पिंजरा' काढते. मध्ये अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' येऊन गेलेला, १९५९ चा. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्यात फडावरची बाई वगातनं गावातल्या बड्या माणसाचं पाप उघड्यावर मांडते. तिथं तमाशा गावाला आरसा दाखवतो आणि 'पिंजरा'त तोच तमाशा गावाला बुडवतो. दोन्हींच्या मागं अनंत माने. एकाच माणसानं दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घेतलं. मला विचाराल तर त्यांनी पहिला खटला जास्त चांगला लढवला.

आणि खराखुरा 'गुरुजी' तर आपल्याकडं होऊन गेलेला होता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. शिकलेले, घरचे कुलकर्णी. सगळं सोडून तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळाबाईबरोबर त्यांनी महाराष्ट्र हलवून सोडला. जातीनं वाळीत टाकलं, शेवटचे दिवस हलाखीत गेले, १९४५ साली वारले. दुःख बक्कळ भोगलं. पण त्यांच्या लावण्या फडावर आजही म्हणतात. तमाशात गेल्यानं त्यांचं वाटोळं झालं म्हणावं, तर मराठीला जे मिळालं त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडायचा?

स्वातंत्र्य आल्या आल्या मुंबई राज्याच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. पुढं ती उठली, पण वग आधी तपासून घ्यायचा, अश्लील काढून टाकायचं, अशा अटी आल्या. म्हणजे 'पिंजरा'तले गुरुजी जे करतात ते सरकारनं आधीच करून बघितलं होतं. तमाशा वाईट, ही गोष्ट शिकलेल्या माणसांच्या मनात घट्ट होती. सिनेमानं ती उचलली, एवढंच.

हे सगळं आज साठीनंतर सुचतंय. १९७४ साली आमच्या गावाबाहेर तंबू पडला तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं.

तंबू थेटर बघितलेली माणसं आता कमी होत चाललीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन ट्रकमधनं सगळा संसार यायचा. मोठं कापड, खांब, पडदा, मशीन, जनरेटर. ओढ्याच्या कडंला, नांगरट नसलेल्या रानात उभा करायचे. तिन्हीसांजेला भोंग्यावर गाणी सुरू. ती फुकटच. गावातल्या प्रत्येक घरात, चुलीपर्यंत पोचायची. 'पिंजरा'ची तबकडी संपूर्ण लावायचे, मग मालक घसा खाकरून जाहिरात करायचा. खाली जमिनीवर बसायला बारा आणे, मागं खुर्ची सव्वा रुपया. पोतं घरनं न्यायचं. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवा लागायचा आणि शेंगदाणेवाला आत घुसायचा. मध्ये दोरी बांधलेली, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया.

बाया. हे मला मुद्दाम सांगायचंय.

आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरची बाई तमाशाला जात नव्हती. जत्रेच्या रात्री तमाशा गावाच्या एका टोकाला चालायचा आणि बाया दुसऱ्या टोकाला घरात. ढोलकी ऐकू यायची, हशा ऐकू यायचा, आपला नवरा, दीर, भाऊ तिथं बसलाय हे माहीत असायचं. काय चाललंय ते मात्र कधी दिसायचं नाही. माझ्या आजीनं सत्तर वर्षांत तमाशाची एक रात्र बघितली नव्हती. आईनंही नाही.

'पिंजरा'चा तंबू आला तेव्हा आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर सांगितलं, हा सिनेमा सगळ्यांनी बघावा, आईवडिलांनाही पाठवावं, शिक्षकाचं मोल त्यातनं कळतं. ते गुरुजी दर जत्रेत तमाशाच्या विरोधात बोलायचे. त्यांना या सिनेमात स्वतःचाच पुतळा दिसला असणार. घरी येऊन मी निरोप दिला. आजी चुलीपुढं बसली होती. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "गुरुजी म्हणत्यात तर बोधाचंच आसंल. जावा."

आणि आजीही आली! पदर पुढं ओढून, आत्याचा हात धरून. गावातल्या निम्म्याच्या वर बाया त्या दिवशी तंबूत होत्या. बोध ऐकायला आलेल्या बायांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा फड बघितला. गण-गौळण बघितली. चोळी-लुगडं परत मागणारी ती गौळण लागली तेव्हा दोरीपलीकडनं हसण्याची एक लाट आली. ती मला अजून ऐकू येते. कृष्णाच्या खोड्या त्यांना भजनातनं माहीत होत्याच. पण त्या अशा, डोळा मारून, ढोलकीच्या ठेक्यावर बायाच सांगतात, हे त्यांना नवं होतं. गडी माणसांच्या बाजूनं तर पडद्यावर चिल्लर पडत होती, फडावर दौलतजादा करावा तशी. आम्ही पोरं सकाळी उठून ती वेचायला गेलो, पण तंबूवाल्यांची पोरं आमच्या आधी उठली होती. भाषणाच्या रिळाला निम्मे लोक लघवीला उठायचे. तिसऱ्या दिवसापासनं मशीनवाल्यानं एक रीळ गाळायलाच सुरुवात केली म्हणतात, आणि कुणाची तक्रार आली नाही.

तेव्हा या सिनेमाला मी नावं ठेवतो ती अशी जपून ठेवतो. त्याचा उपदेश हा त्याचा सगळ्यात मोठा दोष, यात मला शंका नाही. पण त्याच उपदेशाच्या आडोशानं ती गाणी सोवळ्यातल्या घरात शिरली. नुसती लावणी असती तर आजीनं दार उघडलं नसतं. गुरुजी पुढं आणि मागनं गुपचूप चंद्रकला, असा तो सिनेमा आमच्या घरात आला. घरात आल्यावर गुरुजी ओसरीवरनं उठून गेले आणि चंद्रकला राहिली ती राहिली. पुढं कित्येक वर्षं आई डाळ भरडताना, शेंगा फोडताना ती गौळण गुणगुणायची. सासू समोर असताना! आधी कुठल्या सुनेची छाती झाली असती?

सिनेमाच्या शेवटाविषयी आई एकदाच बोलली. कुणीतरी म्हणालं, बाईच्या नादानं बिचाऱ्या मास्तरचं वाटोळं झालं. आई म्हणाली, "मास्तर आपल्या पायानं गेला की. तिनं काय दाव्याला बांधून न्हेला व्हता?"

याचं मोल मात्र कुणीतरी दुसऱ्यांनी दिलं. ढोलकीवाल्या नानांनी तो सिनेमा बघितला. दुष्काळ सरला होता, पण त्यांचा फड काही परत उभा राहिला नव्हता. तंबूतनं बाहेर पडल्यावर ते बराच वेळ गप होते. बिडी पेटवली आणि म्हणाले, "गाणी आमची, न् शेवटाला बदनामीबी आमचीच. लई झ्याक वाजवलंय पन."

त्यांच्या तोंडून त्यापलीकडं मी काही ऐकलं नाही. पण पुढच्या वर्षांत जे झालं ते डोळ्यांनी बघितलं. जत्रा परत भरू लागल्या, फड येऊ लागले आणि लोकांच्या फर्माइशी बदलल्या. जुनी लावणी धरली की मागनं पोरं ओरडायची, 'पिंजरा'तलं म्हणा. फडावरच्या बायांना संध्यासारख्या उड्या शिकाव्या लागल्या. एका फडातली बाई आमच्या घरी पाणी मागायला आली होती, ती आईजवळ म्हणाली, "आक्का, सिनेमातल्या बाईला एक डाव नाचायचं आसतं. आमाला रातभर नाचून सकाळी चूल पेटवायची." गाण्यांच्या रंगबाजीचा वेळ वाढत गेला आणि वगाचा कमी होत गेला. पहाटंपर्यंत चालणारे वग मध्यरात्रीपर्यंत आले. पुढं रात्री दहानंतर भोंगा बंद करायचा नियम आला, तेव्हा तर उरलंसुरलं गेलं. हा सगळा दोष एका सिनेमाच्या माथी मारायचा म्हणजे आपणही त्या गुरुजींसारखंच केल्यासारखं होईल. व्हिडिओ आला, टीव्ही आला, ऑर्केस्ट्रा आला. पण तमाशाच्या गाण्यानं तमाशालाच मागं सारलं, त्याची सुरुवात मी याच गाण्यांपासनं झालेली बघितली.

खरी फडावरची बाई कशी असते हे बघायचं तर नारायणगावच्या विठाबाईंकडं बघावं. पोटुशी असताना बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या, कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि परत येऊन उभ्या राहिल्या, हे उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. राष्ट्रपतींचं पदक मिळालं. २००२ साली गेल्या त्या ओढगस्तीत. आता शासन त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. असल्या बाईला एखाद्या मास्तरवर सूड उगवत बसायला सवड कुठली?

ज्या रानांमध्ये मी तंबू बघितले त्यातली काही आता दिसतही नाहीत. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठची गावं उजनीच्या पाण्यात गेली. पळसदेवला आमच्या आत्याकडं मी एकदा जत्रेला गेलो होतो. ते जुनं गाव पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. मी गेलो होतो एका उन्हाळ्यात. देवळापासनं तंबूची जागा कुठं असावी याचा अंदाज घेत चिखलात फिरलो. लोकांना वाटलं, म्हातारा काहीतरी हरवलेलं हुडकतोय.

२०१६ साली 'पिंजरा' साफसूफ करून पुन्हा थेटरात लावला. मी पुण्याला मुलाकडं होतो, तो घेऊन गेला. गार हवा, मऊ खुर्ची, रंग असे लख्ख की नऊवारीचा काठ मोजावा. सून शेजारी बसली होती. भाषणं लागली तेव्हा तिनं दोनदा मोबाईल बघितला. प्रेताला कपडे चढवले तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, हे कसं काय कुणाला कळत नाही?" मी म्हणालो, "गप बघ, आता गाणं हाय." गाणं लागलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं खिशातनं नाणी काढली, जरा इकडं तिकडं बघितलं आणि परत खिशात ठेवली. मला त्याची ओळख नाही, पण तो कुठल्या तरी टेलच्याच गावचा असणार. शेवटाकडं नशिबावरचं ते संथ गाणं आलं तेव्हा मात्र सुनेचा मोबाईल पर्समध्येच होता. लागूंचा चेहरा, हातात तुणतुणं. पटकथेतली सगळी भोकं तेवढ्यापुरती बुजतात. तेवढ्या गाण्यापुरता मी शांतारामबापूंना सगळं माफ करतो आणि थेटराबाहेर आलो की परत हिशोब काढतो.

चौफुल्याच्या कला केंद्रात आजही बैठकीत 'पिंजरा'तल्या लावण्यांची फर्माईश होते, हे जाणारे सांगतात. लग्नाचे बँड त्या वाजवतात. २०१० साली 'नटरंग' आला, त्यातली अजय-अतुलची गाणी पोरांनी डोक्यावर घेतली, मलाही आवडली. पण रात्री उसाच्या ट्रॅक्टरवर ऐका.

गळिताचा हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडं ट्रॅक्टरांची रांग लागते. दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस, खाली टेप. चालकाला झोप येऊ नये म्हणून आवाज असा की बांधावरची टिटवी उठावी. परवाच्या हंगामात आमच्या वस्तीपुढं एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन थांबला. बीडकडचा पोरगा, वय पंचवीसच्या आत. टेपवर उचकीची लावणी. चाक निघेपर्यंत मी त्याला चहा दिला आणि विचारलं, सिनेमा बघितलाय का?

"नाय ओ काका. गाणी समदी पाठ हायती." मग चहाचा घोट घेत म्हणाला, "स्टोरी काय हाय त्येची?"

मी सांगितली. मास्तर, तमाशा, पैज, प्रेत, पुतळा, फाशी. तो मन लावून ऐकत होता.

"फाशी? कुनाला मारलं म्हनून?"

"सोताला."

त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं, म्हाताऱ्यानं रात्रीची घेतलीय का काय म्हणून. मग हसला, कप विसळून पालथा घातला, टेपचा आवाज वाढवला आणि ट्रॉल्या हलवल्या.